सहा नंबरचे बूट

आमच्या घरात माझ्या पायांची चेष्टा जेवणाच्या वेळी व्हायची. अण्णा पाटावर बसायचे, मी वाढत असायची, आणि वाढताना माझे पाय नेमके त्यांच्या ताटासमोर यायचे. भाकरीचा पहिला तुकडा वरणात बुडवून ते माझ्या पायांकडे बघायचे आणि म्हणायचे, "आला आमचा ट्रॅक्टर." माझ्या दोघी थोरल्या बहिणी, एक भोकरला आणि एक अहमदपूरला दिलेली, नाजूक पायांच्या होत्या. माझे पाय मात्र अण्णांवर गेले होते, लांब आणि पसरट. हे घरातल्या सगळ्यांना दिसत होतं, पण ते बोलून दाखवायची कुणाची टाप नव्हती. आम्ही हसायचो. हसलो नाही तर अण्णा तीच गोष्ट पुन्हा म्हणायचे, जरा हळू आवाजात, आणि मग हसावंच लागायचं.

लातुरात आमची लहानशी दालमिल होती आणि मिलच्या मागच्या अंगाला घर. सकाळी पट्टा चढला की दिवसभर घरघर सुरू राहायची. भिंती, भांडी, देव्हाऱ्यातली घंटी, सगळं बारीक थरथरायचं. डाळीची चुनी, जी पुढं जनावरांच्या खाद्याला जाते, तिची पिवळसर धूळ ताटांवर, उशांवर, मायच्या केसांवर बसायची. त्या आवाजात आम्ही सगळे ओरडून बोलायचो. आज शाळेच्या नोकरीतून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी मी फोनवर ओरडते, अशी माझ्या भाच्यांची तक्रार असते. एकटे अण्णा हळू बोलायचे. त्यांचं बोलणं ऐकायला जवळ जावं लागायचं. लाइट गेली की मिल एकदम थांबायची, आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातून मायच्या बांगड्या ऐकू यायच्या. तेवढाच काय तो तिचा आवाज.

अण्णांनी मला आयुष्यात एकदाही मारलं नाही. हे सांगितलं की लोक म्हणतात, मग चांगले होते की तुमचे वडील. मोंढ्यातही, म्हणजे धान्याच्या बाजारात, सगळे तेच म्हणायचे. मोंढ्यात अण्णा आले की माणसं गोळा व्हायची, चहा मागवला जायचा. त्यांच्यासारखं हसवणारं माणूस बाजारात दुसरं नव्हतं.

कॉलेजात शिंदे मॅडम आम्हाला खेळ शिकवायच्या. त्या वर्षी त्यांनी मुलींची एक तुकडी हिमालयात पायी न्यायचं ठरवलं. पाठीवर सगळं सामान घेऊन, मुक्काम करत करत, दोन आठवड्यांहून जास्त चालायचं होतं. खिंड चढून पलीकडच्या खोऱ्यात उतरायचं होतं. लातूरच्या मुलींनी असलं काही तोवर केलेलं नव्हतं. माझी निवड झाली तेव्हा घरी विचारायला मॅडम स्वतः आल्या. मायनं धपाटे केले, वर लोण्याचा गोळा ठेवला. अण्णा असे काही बोलले की मॅडम खूश होऊन गेल्या. "पोरगी न्यायची तर न्या मॅडम. मी काय जुन्या वळणाचा हाय का? मंगल म्हणजे आमचा पोरगाच हाय." मॅडम आणखी एक गोष्ट बोलून गेल्या. जी मुलगी पूर्ण वाट चालेल तिचं नाव त्या शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजसाठी सुचवणार होत्या. तिथं वसतिगृह होतं, पुढं नोकरी होती. अण्णांनी मान डोलावली. मग मॅडम बुटांबद्दल सांगू लागल्या. घोट्याच्या वर येणारे हवेत, लोकरीचे मोजे घालून बोटं मोकळी हलली पाहिजेत, उतारावर सगळा भार बोटांवर येतो, लहान बुटानं नखं जातात आणि मग चालणं बंद पडतं. हे सगळं अण्णा इतक्या लक्ष देऊन ऐकत होते की माझा ऊर भरून आला. "बुटाचं माझ्याकडं लागलं," ते म्हणाले. "नांदेडहून आणू, एक नंबर."

मॅडमना दारापर्यंत सोडून ते परत आले आणि हात धुता धुता मायला म्हणाले, "उदगीरचे लोक उन्हाळ्यात पोरगी बघायला यायलेत. त्यांना शब्द गेलाय माझा."

नांदेडला जाताना अण्णा खुशीत होते. एसटीत त्यांनी मला खिडकी दिली, लोह्याला गाडी थांबली तेव्हा कागदात बांधलेली गरम भजी आणून दिली, कंडक्टरला सांगितलं, "लेक हिमालयात चालली माझी." मी आयुष्यात त्यांच्याबरोबर इतकी मोकळी कधी बसले नव्हते. भज्यातली मिरची लागून डोळ्यांत पाणी आलं तर त्यांनी स्वतःच्या धोतरानं ते पुसलं. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं लिहिताना मलाच ते विसरायला होतं.

दुकान जुन्या नांदेडात होतं. दुकानदार मुसलमान, वयस्कर. सगळे त्यांना चाचा म्हणत. दुकानात चामड्याचा आणि पॉलिशचा वास कोंदलेला, आणि गिऱ्हाइकांची बरीच गर्दी. चाचांनी माझा पाय लाकडी मापावर ठेवला आणि म्हणाले, "आठ है सेठ." त्यांनी आठ नंबरचा जोड काढला. मी पाय घातला. टाच बसली, बोटं मोकळी हलली. मी दुकानातल्या दुकानात चार पावलं चालले आणि मला एकदम आपण उंच झाल्यासारखं वाटलं.

"आठ?" अण्णा म्हणाले, या खेपेला सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चाचा, पोरीचा पाय मापायलाव का बैलाचा?" दुकान हसलं. बाकावर बसलेली एक बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. "सहा दाखवा."

"सेठ, छे में इनका पंजा नै बैठता."

"दाखवा तर."

चाचांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा अण्णांकडं, आणि सहा नंबरचा डबा काढला. गिऱ्हाईक अण्णा होते. मी पाय आत कोंबला. अंगठा वळून शेजारच्या बोटाखाली गेला. अण्णा म्हणाले, "चाल." मी चालले. "कसे हायत?"

"अण्णा, बोटं दुमडायलीत."

ते उठून माझ्याजवळ आले आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात, मला एकटीला ऐकू येईल असं बोलले. "मग ऱ्हाऊ दे की. बूटच बसंना तर जाणार कशी? मी न्हाई म्हणलेलो न्हाई, मंगल. मॅडमला सांगू, पोरीला बूट मिळंना." आठ नंबरचा उघडा डबा तिथंच, त्यांच्या कोपरापाशी होता. त्यांनी तो माझ्यासमोर झाकण लावून बाजूला सारला, आणि हसले. दुष्टपणानं नाही, पत्त्यात हुकूम निघाल्यावर माणूस हसतो तसे.

तेव्हा मला कळलं, की मॅडमचं बुटांबद्दलचं बोलणं अण्णा इतकं मन लावून का ऐकत होते. नकार त्यांना द्यायचा नव्हता. तो माझ्या पायांनी द्यायचा होता, हिमालयात कुठंतरी, मॅडमच्या डोळ्यांदेखत. मग उदगीर होतंच.

"बसतात," मी म्हणाले.

माझ्या भाच्यांच्या मुली आता फोनवर बूट मागवतात. टोचला तर दारात आलेला माणूस तो परत घेऊन जातो, कुणी का म्हणून विचारत नाही. मी अनेकदा ते नुसती बघत उभी राहते.

घरी आल्यावर मी मायला सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती, निवडतच राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं जुन्या धोतराच्या दोन पिशव्या शिवल्या, त्यांत हरभरे भरले, पिशव्या बुटांत दाबून बसवल्या आणि वरून पाणी घातलं. हरभरा फुगला की चामडं ताणतं. बूट तिनं चुनीच्या पोत्यांमागं लपवले. सकाळी हरभरे काढले तर अंगठ्याला किंचित, अगदी नखभर जागा झाली होती. मायनं मला बोट घालून दाखवलं आणि हसली. तिचे पुढचे दोन दात एकावर एक होते, त्यामुळं ती हसताना हात तोंडापुढं धरायची. त्या दिवशी धरला नाही.

ताणलेलं चामडं वाळलं की परत आवळायचं, म्हणून तिनं पुन्हा केलं, आणि पुन्हा. मग एका संध्याकाळी, मिल चालू असतानाच, अण्णा ते बूट हातात धरून स्वयंपाकघरात आले. पाणी गळत होतं. त्यांनी ओल्या पिशव्या काढून मायसमोर ठेवल्या आणि स्वतः पाट ओढून बसले.

"धान्य हाय," ते म्हणाले. "वाया घालवायचं न्हाई. उसळ कर."

माय उभीच राहिली.

"कर ना. भिजलेलंच हाय."

तिनं हरभरे धुतले, फोडणी दिली, झाकण ठेवलं. उसळ शिजेपर्यंत अण्णा तिथंच बसून मोंढ्यातली काहीबाही हकिगत सांगत राहिले, तुरीच्या भावाची, कुणा आडत्याच्या सुनेची. मसाल्यातून चामड्याचा आणि काळ्या पॉलिशचा वास येत होता. शिजल्यावर ते म्हणाले, "वाढून घे. तूच खायची."

मी म्हणाले, "अण्णा, ते पॉलिश..."

"तू गप. तुझ्यासाठीच करायली ना ती."

मायनं ताटली घेतली आणि त्यांच्यासमोर बसली. एकेक घास चावून चावून खाल्ला. त्यांनी मधे पाणीही घेऊ दिलं नाही. तांब्या त्यांनी आपल्या मांडीपाशी ओढून ठेवला होता. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मिल चालू होती आणि ताटली जमिनीवर बारीक थरथरत होती. ताटली रिकामी झाली तेव्हा अण्णांनी विचारलं, "कशी झाली?"

मायनं तोंड पुसलं. "मीठ जरा कमी पडलं," ती म्हणाली.

अण्णा मोठ्यानं हसले. हसता हसता त्यांनी मायच्या तोंडाकडं बघितलं, तीही हात न धरता हसत होती, आणि ते थांबले. मग बूट तिथंच टाकून उठून गेले. माय मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्यानंतर बुटांची देखभाल त्यांनी स्वतःकडं घेतली. रविवारी स्वतः पॉलिश करायचे, आणि मला बूट घालून त्यांच्यासमोर अंगणात फेऱ्या मारायला लावायचे. "सवय व्हायला पाहिजे," ते म्हणायचे. हमाल बघायचे आणि म्हणायचे, शेठ लेकीसाठी किती करायलेत.

डोंगर कसे होते हे मला विचारू नका. माझ्याबरोबर निलोफर नावाची लातूरचीच मुलगी होती, कपड्याच्या दुकानदाराची. ती आजही त्या बर्फाबद्दल, झऱ्यांबद्दल तासन्‌तास बोलते. मला आठवतात ते पुढं चालणाऱ्या मुलीच्या टाचांचे ठसे. चढ कसाबसा निभायचा, कारण भार टाचेवर असायचा. उतार लागला की प्रत्येक पावलाला अंगठा बुटाच्या भिंतीवर आपटायचा. पहिल्या उतारानंतर मी मोजे काढले तेव्हा दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी झाली होती. आणखी दोन मुक्कामांनी ती सुटी होऊन हलू लागली. मॅडमना सांगायची सोय नव्हती. ज्या मुलीचा पाय बिघडेल तिला खाली पाठवायचं, असा त्यांचा नियम होता, आणि तो बरोबरच होता. मी सगळ्यांच्या आधी तंबूत शिरायची आणि सगळ्यांच्या आधी बूट घालायची. एका सकाळी सुजलेला पाय आत जाईचना. मी पालथ्या मुठीनं टाचेवर मारत होते आणि माझ्या तोंडून आवाज निघत होता. निलोफर जागी झाली.

"दाखव," ती म्हणाली. तिनं बघितलं आणि तिचं तोंड वाकडं झालं. "अगं ए, हे काय करून घेतलंस? मॅडमला हाक मारू?"

"मारलीस तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार न्हाई. मला उदगीरला जायचं न्हाई, निलू."

मग तिनं स्वयंपाकाच्या सामानातली बटाटे कापायची सुरी आणली, बूट मांडीवर घेतले आणि दोन्ही बुटांचे चवडे कापून काढले. जाड चामडं होतं. तिच्या हाताला फोड आले. माझी बोटं बुटातून बाहेर आली. त्यांवर तिनं स्वतःचे जास्तीचे मोजे चढवले, वर प्लास्टिकची पिशवी बांधली. तशी मी खिंड ओलांडली आणि पलीकडं उतरले. पिशव्या फाटल्या, बर्फ आत गेला, नखं मोज्यांबरोबर निघून आली. शेवटच्या मुक्कामावर मॅडमना दिसलंच. त्या खाली बसल्या आणि माझा पाय हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हे बूट कुणी घेतले तुला?"

"वडिलांनी."

आमच्या अण्णांचं कौतुक मॅडम सगळ्या वाटेवर इतर मुलींना सांगत आल्या होत्या.

घरी आले तेव्हा अण्णांनी कापलेले बूट हातात घेऊन उलटेसुलटे केले. "चामडं चांगलं होतं," एवढंच म्हणाले. पायांकडं बघितलं नाही. मायनं हळद आणि तेल कोमट करून लावलं. ते अजून लावणं चालू होतं, तेवढ्यात उदगीरचे लोक आले.

मुलाचे वडील, मुलगा, मुलाची भावजय आणि मुलाची आजी. सगळ्यांत मान आजीचा होता. जाडजूड, कपाळावर मोठं कुंकू, नातसुनेशी कानडीत बोलणारी. मला काठाची साडी नेसवून पुढं बसवलं. नाव विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. मग आजी म्हणाली, "चालून दाखव पोरी. त्या दारापत्तुर."

"चाल मंगल," अण्णा म्हणाले. "हिमालय चालून आलेली हाय आमची लेक, एवढ्या खोलीचं काय!" पाहुणे कौतुकानं हसले. अण्णांचा हात सुपारीच्या तबकावर होता. ते इतक्या मजेत होते की मला वाटतं, त्या क्षणी ते खरोखरच विसरले असतील.

मी चालले. साडीचा काठ उचलून धरावा लागत होता, नाहीतर तो अंगठ्यांना घासायचा. आजीनं नातसुनेचा हात दाबला. "कालु नोडु," ती म्हणाली, म्हणजे पाय बघ. मग मराठीत, "ह्या बोटांना काय झालंय? नखं कुठं गेली? काय रोग हाय का पोरीला?"

"रोग कशाचा," अण्णा म्हणाले. "बर्फात फिरली. पोरींची हौस."

"बर्फानं नखं जात्यात व्हय?"

माय चहाचा ट्रे घेऊन आली होती. ती परपुरुषांसमोर कधी बोललेली मी ऐकलेली नव्हती. तिनं ट्रे खाली ठेवला, पदर सारखा केला.

"बर्फानं न्हाई," ती म्हणाली. "बूट दोन नंबर लहान होते. मापाचे समोर होते, ह्यांनी लहान घेतले."

"कशापायी?" आजीनं विचारलं.

"अर्ध्या वाटेतनं परत यावी म्हणून. म्हणजे तुमच्याकडं द्यायला बरं." आणि मग, मला कधी नव्हे ती तिच्या आवाजात ऐट ऐकू आली, "पण न्हाई आली. समदं चालली."

आजी माझ्याकडं बघत नव्हती. ती अण्णांकडं बघत होती. अण्णा हसू लागले, एखादी चेष्टा सुचते का ते शोधत, पण कुणी त्यांना साथ दिली नाही. मुलाच्या वडिलांनी घड्याळ बघितलं. पाय बरे झाल्यावर कळवा, असं आजी म्हणाली आणि चहा तसाच ठेवून ते निघाले. आठवडाभरात ही गोष्ट मोंढ्यात पोचली. मी चालले की हमाल आता माझ्या पायांकडं बघायचे आणि मग अण्णांकडं. अण्णांभोवतीचा चहा कमी झाला.

मला त्यांनी दोन वाक्यांत मोकळं केलं. "जा मॅडम म्हणत्यात त्या कॉलेजात. इथं ठेवून तुझं तोंड बघायचं न्हाई मला." मायला त्यांनी काहीच म्हटलं नाही. त्या दिवसापासून ते तिच्याशी बोललेच नाहीत. भाजीत काही कमी असलं तर दारातल्या हमालाला हाक मारून सांगायचे, "तिला सांग." हमाल खाली मान घालून स्वयंपाकघराच्या दाराशी यायचा. पाहुणे आले तरी तसंच. माय मरेपर्यंत ते असंच चाललं, आणि ती लवकर मेली नाही.

निघायच्या दिवशी तिला एसटी स्टँडवर यायची परवानगी नव्हती. दारात तिनं मला कुंकू लावलं, पिशवीत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घातली. मी म्हणाले, "दिवाळीला येते." तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले.

"येऊ नको," ती म्हणाली. मिल चालू होती, तिला ओरडावं लागलं. "दिवाळीला नको, संक्रांतीला नको. नोकरी लागल्याबिगर ह्या घरात पाय टाकू नको. तू दिसलीस की ते काहीतरी काढतील, आन्‌ या टायमाला तुला सोडवायला मला न्हाई जमलं तर?"

मी ऐकलं. दिवाळीला वसतिगृह रिकामं झालं. मुलींच्या ट्रंका, हाका, टांगे, सगळं दोन दिवसांत संपलं आणि जेवणघरात मी एकटी उरले. रेक्टर बाई आपल्या घरून माझ्यासाठी करंज्या घेऊन आल्या आणि माझ्यासमोर बसल्या.

"घरी कुणी नाही का गं तुझं?"

"माय हाय."

"मग गेली का नाहीस?"

"तिनंच येऊ नको म्हणून सांगितलंय."

बाईंनी माझ्या ताटात आणखी एक करंजी ठेवली आणि उठता उठता हळूच म्हणाल्या, "कसली आई असते बाई एकेकीची."